ॲनिमेतले कपडे काय सांगतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, बघणाऱ्या मराठी मंडळींकडून कपड्यांबद्दल जे प्रश्न सारखे येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. 'लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांतता' छापाचे तक्ते इंटरनेटवर ढिगाने सापडतात. माझ्या मते त्यांचा फारसा उपयोग नाही. जपानी प्रेक्षक कपड्यांत आधी वाचतो ते अगदी साधं असतं: ऋतू कोणता, वय काय, लग्न झालंय का, घराणं कुठलं, माणूस जिवंत आहे की मेलेला. या पानावर भर त्यावरच आहे. पुढे काही कथांमधले उलगडे येतात, तेव्हा बघायचं बाकी असेल तर तो प्रश्न सोडून पुढे जा.

प्रत्येक पात्राच्या कपड्यांमागे काही ना काही अर्थ असतोच का?

नाही. पुष्कळदा कारण निव्वळ कामाचं असतं. ॲनिमेत प्रत्येक पात्राचा एक ठरलेला नमुना-तक्ता असतो. पुढून, मागून, बाजूने पात्र कसं दिसेल, कुठल्या भागाला कुठला रंग, हे सगळं त्यात पक्कं केलेलं असतं आणि अनेक चित्रकार तो समोर ठेवून काम करतात. रोज वेगळे कपडे म्हणजे रोज नवा तक्ता. नोबिता वर्षानुवर्षं त्याच शर्टात दिसतो, त्यामागे गूढ काही नाही.

यातूनच एक उपयोगी नियम हाती लागतो. चित्रकाराला जे काढायला त्रासदायक आहे, ते तरीही काढलं असेल तर तिथे थांबून बघावं. नक्षीचं कापड हा त्यातला सगळ्यात मोठा त्रास. माणूस हलला की कापडाला घडी पडते आणि घडीबरोबर प्रत्येक चौकोन, प्रत्येक फूल नव्याने वळवावं लागतं. २००४ सालच्या 'गांकुत्सुओ' या मालिकेने यावर अफलातून तोड काढली: नक्षी जागच्या जागी स्थिर ठेवली आणि पात्रं तिच्यावरून सरकवली. बघायला सुरुवात केली की पहिली काही मिनिटं डोळे चक्रावतात.

'डेमन स्लेअर'मध्ये प्रत्येकाच्या अंगावर वेगळी नक्षी आहे. तिचा अर्थ काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि इथे खरोखरच सांगण्यासारखं पुष्कळ आहे. राक्षसांची शिकार करणाऱ्या तलवारबाज पोरांची ही कथा. कोयोहारू गोतोउगे यांची मंगा, म्हणजे चित्रकथा, २०१६ ते २०२० या काळात आली आणि युफोटेबल स्टुडिओची मालिका २०१९ मध्ये सुरू झाली. यातल्या बहुतेक नक्ष्या गोतोउगेंनी नव्याने काढलेल्या नाहीत. जपानमध्ये शतकानुशतकं किमोनोवर, पडद्यांवर, कागदावर चालत आलेल्या नक्ष्या त्यांनी उचलल्या आणि नेमक्या माणसाच्या अंगावर घातल्या.

कथेचा नायक तांजिरो याच्या हाओरीवर, म्हणजे किमोनोवर घालायच्या त्या सैलसर अंगरख्यावर, हिरवा-काळा चौकडा आहे. या नक्षीला इचिमात्सु म्हणतात. अठराव्या शतकात सानोगावा इचिमात्सु नावाचा काबुकी नट या चौकड्याचा हाकामा, म्हणजे कमरेखालचं निऱ्यांचं वस्त्र, घालून रंगमंचावर आला, एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, बायकांनी ती फॅशन उचलून धरली आणि नक्षीला त्याचंच नाव चिकटलं. चौकोनांची रांग कुठेही तुटत नाही, कितीही वाढवा, वाढतच जाते. म्हणून ती वंशवृद्धीची, भरभराटीची नक्षी मानली जाते. आता ती कुणाच्या अंगावर आहे ते बघा: राक्षसाने ज्याचं सगळं घर एका रात्रीत कापून काढलंय, त्या मुलाच्या. 'टोकियो २०२०' ऑलिंपिकचं निळ्या चौकोनांचं बोधचिन्हही याच इचिमात्सुवर बेतलेलं होतं.

त्याची बहीण नेझुको हिच्या गुलाबी किमोनोवर आसानोहा ही नक्षी आहे. आसा हे भांगेच्या कुळातलं, धाग्यासाठी लावलं जाणारं झाड. त्याच्या पानासारखी दिसणारी ही षटकोनी चांदणी. आसा सरळ वाढतं आणि झपाट्याने वाढतं, म्हणून जपानमध्ये तान्ह्या बाळाच्या अंगड्यावर ही नक्षी घालायची रीत होती: पोर तसंच वाढावं आणि त्याला काही बाधू नये. याच्याच जोडीची आणखी एक रीत आहे. मोठ्यांच्या किमोनोला पाठीच्या मधोमध शिवण असते आणि ती शिवण पाठीमागून येणाऱ्या अभद्रापासून राखते अशी समजूत. तान्ह्याचा किमोनो एकाच पन्ह्यात होतो, त्यामुळे त्याला पाठीची शिवणच नसते. मग आई तिथे रंगीत दोऱ्याचे चार टाके घालते. त्याला सेमामोरी म्हणतात. आपल्याकडची गालावरची तीट ज्या काळजीतून येते, त्याच काळजीतले हे टाके. राक्षसापासून राखणारी नक्षी घातलेली मुलगीच राक्षस होते, हा गोतोउगेंचा डाव जपानी आजीच्या चटकन लक्षात येतो, आपल्याला मात्र सांगावा लागतो. आणि तिच्या कमरेचा ओबी, म्हणजे पट्टा, लाल-पांढऱ्या चौकड्याचा आहे, म्हणजे भावाचीच नक्षी.

तांजिरोचा साथी झेनित्सु याच्या अंगावर त्रिकोण आहेत. ही उरोको, म्हणजे सापाच्या किंवा माशाच्या खवल्यांची नक्षी. कामाकुरा काळात सत्ता हाती असलेल्या होजो घराण्याचं चिन्हही तीन खवल्यांचं. खवले अंगाचं रक्षण करतात म्हणून ती योद्ध्यांना प्रिय होती. नो नाट्यात मात्र 'दोजोजी'सारख्या प्रयोगात सूडाने सर्पीण झालेल्या बाईच्या पोशाखावर हेच त्रिकोण येतात. झेनित्सुच्या बाबतीत मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्याच्या म्हाताऱ्या गुरूच्या अंगावरही हीच नक्षी आहे. त्याला कुणी तरी आपलं म्हटलं, त्याची ती खूण आहे.

पण या सगळ्यांत माझं मत राक्षस मारणाऱ्यांपैकीच एक, गियू तोमिओका, याच्या हाओरीला. अर्धी बाजू साधी, गडद तांबडी आणि दुसरी बाजू हिरव्या-पिवळ्या-केशरी कोनांची. तांबडी बाजू लग्नाच्या आदल्या दिवशी त्याला वाचवताना मेलेल्या बहिणीची. दुसरी बाजू निवडपरीक्षेत मेलेल्या मित्राची, साबितोची. कोनांची ती नक्षी कासवाच्या पाठीच्या नक्ष्यांच्या घराण्यातली आहे आणि कासव म्हणजे दीर्घायुष्य! दोन अर्ध्या कापडांचा एक अंगरखा करायची कातामिगावारी नावाची पद्धत जपानमध्ये सोळाव्या शतकात शौकाची होती. तीच इथे शोकाची झाली आहे. गियू फारसा बोलत नाही. पाठमोरा उभा राहिला तरी पुरतं.

पण खाली सगळ्यांचा गणवेश सारखाच आणि तो चक्क कोट-पँटसारखा. असं का?

कारण कथा तायशो काळातली आहे, म्हणजे १९१२ ते १९२६. तेव्हा शाळकरी मुलं, पोलीस, सैनिक पाश्चात्त्य धर्तीच्या गणवेशात आले होते आणि घरात, खेड्यात किमोनो चालू होता. काळा, उभ्या कॉलरचा गणवेश हा नव्या काळाचा, वर घातलेली हाओरी घरची. शिवाय १८७६ सालच्या फर्मानाने तलवार बाळगण्यावर बंदी आली होती, म्हणून रेल्वे स्टेशनावर पोलीस दिसला की या पोरांची पळापळ होते.

याच काळाचा सगळ्यात हुशार वापर खलनायकावर केला आहे. मुझान हजार वर्षांपूर्वीच्या हेइआन काळातला. आसाकुसाच्या गर्दीत तो पहिल्यांदा दिसतो तो पांढरी हॅट आणि उंची पाश्चात्त्य सूट घालून, बायको-मुलीसह. तेव्हाच्या टोकियोत असा सूट म्हणजे पैसा, शिक्षण, ऐट. डोंगरातून कोळसा विकायला उतरणारा मुलगा जुन्या चौकड्यात आणि गावातला सगळ्यात जुना राक्षस सगळ्यात नव्या कपड्यांत. संवाद सुरू व्हायच्या आधीच दोघांची ओळख झालेली असते.

तांजिरोचा चौकडा कुणी तरी स्वतःच्या नावावर केला आहे, हे खरं का?

प्रयत्न झाला होता. शुएइशा या प्रकाशनसंस्थेने २०२० मध्ये पात्रांच्या नक्ष्यांसाठी व्यापारचिन्हाचे अर्ज केले. गियूच्या हाओरीसारख्या खास नक्ष्यांची नोंद झाली, तांजिरोचा चौकडा मात्र जपानच्या पेटंट कार्यालयाने २०२१ मध्ये नाकारला. तो सगळ्यांचाच आहे.

पाठीवर मोठी अक्षरं किंवा चिन्हं कशासाठी असतात?

औपचारिक किमोनोवर घराण्याचं चिन्ह, कामोन, लावायची जागाच मुळी पाठीवर मानेखाली. सगळ्यात औपचारिक पोशाखाला अशी पाच चिन्हं असतात: एक पाठीवर, दोन बाह्यांच्या मागे, दोन छातीवर. 'नारुतो'मधल्या उचिहा घराण्याच्या पाठीवरचा लाल-पांढरा गोल पंखा या परंपरेतला. चूल फुलवायला वापरतात तो हा पंखा, आणि उचिहांची विद्या आगीची. त्या घराण्यातला सासुके एकटाच उरतो तेव्हा त्या पंख्याकडे बघायची आपली नजरच बदलते.

'वन पीस'मध्ये नौदलाच्या अंमलदारांच्या पांढऱ्या कोटावर 'न्याय' लिहिलेलं असतं, 'रुरौनी केन्शिन'मधला सानोसुके पाठीवर 'दुष्ट' हे अक्षर मिरवतो, 'ब्लीच'मध्ये कप्तानांच्या पांढऱ्या हाओरीवर तुकडीचा आकडा. या सगळ्यांना मोटारसायकलवाल्या टोळ्यांच्या पोशाखाचाही वारसा आहे. ते लोक लांब कोटांवर भरतकाम करून मोठाल्या घोषणा लिहीत. त्यांच्याबद्दल खाली येतंच.

किमोनोची कुठली बाजू वर हवी? एवढं महत्त्व का?

घालणाऱ्याची डावी बाजू वर. स्त्री असो, पुरुष असो, नियम एकच. उजवी बाजू वर फक्त प्रेताला नेसवताना घेतात. डावी वर घ्यायचा हुकूम दरबारातून निघाला तो ७१९ साली, म्हणजे नियम चांगलाच मुरलेला आहे.

त्यामुळे ॲनिमेत एखादं पात्र उलट घडीच्या पांढऱ्या किमोनोत आलं, वर कपाळाला पांढरा त्रिकोणी कपडा बांधलेला असेल, तर ते भूत आहे हे सांगायला संगीताची गरज पडत नाही. गमतीच्या मालिकांतही हा विनोद हमखास असतो: परदेशी पाहुणी हौसेने युकाता, म्हणजे उन्हाळी सुती किमोनो, उलट घडीने घालून येते आणि सगळे दचकतात. मंगाची पाश्चात्त्य भाषांतरं सुरुवातीला पानं आरशासारखी उलटवून छापत, म्हणजे डावीकडून वाचता यावीत म्हणून. त्यात सगळी पात्रं एका फटक्यात मृतांच्या घडीत गेली. कॉस्प्लेचे, म्हणजे पात्रांचा वेश करून काढलेले, फोटो टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. काही फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याचा सेल्फी उलटा साठवला जातो, आणि तुम्ही घडी बरोबर घालूनही फोटोत मेलेले दिसता.

'ब्लीच'मध्ये मृत्यूचे दूत काळ्या कपड्यांत आहेत. जपानमध्ये शोकाचा रंग काळा की पांढरा?

आज शोकसभेला जाणारे काळ्यात जातात, पण ही रीत तायशोच्या आधीच्या मेइजी काळात पश्चिमेकडून आली आणि पुढे रुळली. त्याआधी रंग पांढरा. प्रेताचे कपडे आजही पांढरे, सेप्पुकु, म्हणजे पोट फाडून विधिवत आत्महत्या, करणाऱ्या सामुराईचा पोशाख पांढरा. हे मराठी प्रेक्षकाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपण अडखळतो ते नवरीपाशी, कारण शिंतो पद्धतीच्या लग्नात नवरीही नखशिखांत पांढऱ्यात असते. म्हणून ॲनिमेत पांढरा किमोनो दिसला की प्रसंग बघावा, रंगावरून निकाल लावू नये.

युकाता, फुरिसोदे, हाकामा यांत फरक काय?

युकाता सुती, बिनअस्तराचा, उन्हाळ्यातला. ॲनिमेत जत्रा आणि आतषबाजीचा भाग आला की नायिका युकातात येते, केस वर बांधलेले असतात आणि रोज गणवेशात बघणारा मुलगा गप्प होतो. हा प्रसंग इतक्यांदा झाला आहे की तो आता मालिकांचा सणच झाला.

फुरिसोदे म्हणजे लांबलचक लोंबत्या बाह्यांचा किमोनो. तो अविवाहित मुलीचा. जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सज्ञान झालेल्यांचा समारंभ असतो, तेव्हा रस्ते फुरिसोदेंनी भरून जातात. लग्नानंतर बाही आखूड. कथेत एखादी बाई आखूड बाहीत आली तर मधल्या वर्षांत काय झालं ते कळलं.

हाकामा म्हणजे कमरेखालचं निऱ्यांचं वस्त्र. पुरुषांच्या बाबतीत सामुराई, धनुर्विद्या, औपचारिकता. मेइजी-तायशो काळात मात्र तो शिकणाऱ्या मुलींनी घातला, खाली चामडी बूट, केसांत मोठी रिबन. बसायला, चालायला, सायकल चालवायला किमोनोपेक्षा सोयीचा. म्हणून त्या काळातली हाकामा घातलेली मुलगी दिसली की 'ही शिकलेली, ही ऐकून घेणार नाही' असा अर्थ आपोआप लागतो. आजही जपानी मुली पदवीदान समारंभाला हाकामा भाड्याने आणतात. 'चिहायाफुरु'मध्ये किमोनोच्या दुकानदारांची मुलगी कानादे कारुता या पत्त्यांच्या खेळाच्या क्लबात येते तीच मुळी हाकामा घालायला मिळावा म्हणून, आणि मग सगळ्या संघाला सामन्यांत तो घालायला लावते.

ॲनिमेत शाळेचा गणवेश इतका का असतो?

एक कारण उघड आहे: बघणारे शाळकरी आहेत. पण गणवेश स्वतःही बरंच बोलतो.

मुलांचा उभ्या कॉलरचा काळा गाकुरान मेइजी काळात लष्करी धर्तीवर आला. मुलींचा सेलर पोशाख ब्रिटिश नौदलाच्या खलाशांवरून, १९२०च्या सुमारास. फुकुओकाच्या एका मिशनरी शाळेने १९२१ मध्ये तो लागू केला, असं मानतात. थोडक्यात, ॲनिमेची जी सगळ्यात 'जपानी' ओळख वाटते ती युरोपच्या सैन्यांतून आलेली आहे. नाओको ताकेउचींच्या 'सेलर मून'ने १९९० च्या दशकात तोच खलाशी पोशाख लढवय्या मुलींना परत दिला आणि वर्तुळ पुरं झालं.

त्याच मालिकेत एक बारीक गंमत आहे. माकोतो किनो नव्या शाळेत येते तेव्हा तिच्या अंगावर जुन्या शाळेचाच गणवेश असतो, कारण तिच्या उंचीचा नवा मिळत नाही. तिचा स्कर्ट लांब, पार घोट्यांकडे गेलेला. आपल्याला वाटतं, मुलगी साधी, सोज्वळ दिसते! वर्ग मात्र तिला बघून दबकतो. १९७० च्या दशकात जपानमधल्या दांडगट मुलींच्या टोळ्यांनी मिनीस्कर्टच्या फॅशनला उलटं उत्तर म्हणून स्कर्ट लांब केले होते. तेव्हापासून लांब स्कर्ट म्हणजे मारामारी करणारी मुलगी. नव्वदीत पारडं फिरलं आणि आखूड स्कर्ट व ढिले मोजे हे बंडाचं चिन्ह झालं.

मुलांच्या गाकुरानचं दुसरं बटण तर प्रेमकथांचं हुकमी पान. मार्चमध्ये शाळा संपते त्या दिवशी मुलगी आवडत्या मुलाकडे वरून दुसरं बटण मागते, ते हृदयाच्या सगळ्यात जवळचं म्हणून. शेवटच्या भागात एखादा मुलगा बटणंच नसलेल्या कोटात फिरताना दिसला, तर त्याला मागणी किती होती ते मोजून घ्या.

आणि ऋतू. बहुतेक शाळांत १ जूनला उन्हाळी आणि १ ऑक्टोबरला हिवाळी गणवेश सुरू होतो. अलीकडे उकाड्यामुळे तारखा सैल झाल्या आहेत. पण ॲनिमेत सगळे पांढऱ्या अर्ध्या बाह्यांत आले की जून लागला, हे कॅलेंडर न दाखवता समजतं.

शिनचॅनच्या डोक्यावर पिवळी टोपी कशाला?

हिंदी डबिंगमध्ये शिनचॅन बघत मोठी झालेली पिढी हे विचारतेच. उत्तर साधं आहे: रस्ता ओलांडताना लहान मूल गाडीवाल्याला लांबून दिसावं म्हणून. जपानमध्ये बालवाडीतली आणि पहिलीतली मुलं खरोखर अशा टोप्या घालतात.

'टोकियो रिव्हेंजर्स'च्या कपड्यांवर स्वस्तिक आहे. ते नाझी आहे का?

नाही. ते मान्जी आहे आणि त्याचं मूळ आपल्याकडेच आहे. बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे जपानला गेलेलं हे मंगलचिन्ह तिथल्या नकाशांवर आजही बौद्ध मंदिर दाखवायला वापरतात. आपल्या स्वस्तिकाच्या उलट दिशेला वळलेलं, आडवं-उभं सरळ ठेवलेलं. नाझींचं तिरकं, उजवीकडे वळलेलं. परदेशी प्रेक्षकांचा गोंधळ होतो म्हणून मालिकेच्या बाहेरच्या प्रसारणात ते काढून टाकलं. 'नारुतो'मध्येही नेजीच्या कपाळावर मंगामध्ये मान्जी आहे, ॲनिमेत त्याची फुली झाली. तिकडे तांजिरोच्या कानातल्यावरचा उगवता सूर्य जपानी साम्राज्याच्या ध्वजासारखा दिसतो म्हणून कोरियात आक्षेप आला आणि काही आवृत्त्यांत त्याची नक्षी बदलावी लागली. आपल्या डोळ्याला तिथे सूर्याखेरीज काहीच दिसत नाही. कोरियन माणसाला दिसतं, आणि ते चूक म्हणता येत नाही.

'टोकियो रिव्हेंजर्स'मधल्या टोळीच्या लांब काळ्या कोटांचं मूळही तितकंसं निरागस नाही. मोटारसायकल टोळ्यांच्या या पोशाखाला तोक्कोफुकु म्हणतात आणि ते नाव दुसऱ्या महायुद्धातल्या आत्मघाती पथकांवरून आलेलं आहे.

लाल-पांढऱ्या कपड्यांतल्या मुली कोण?

मिको, शिंतो देवळातल्या सेविका. वर पांढरं, खाली शेंदरी लाल हाकामा. 'इनुयाशा'मधली किक्यो, 'सेलर मून'मधली रेइ, 'युअर नेम'मधली मित्सुहा. मित्सुहाच्या बाबतीत बघायची वस्तू पोशाख नाही, केसांत बांधलेली विणलेली लाल दोरी आहे. कुमिहिमो प्रकारची ही दोरी तिची आजी आणि त्या दोघी बहिणी घरी विणतात. तीच दोरी नायक ताकी याच्या मनगटावर कशी आली, यावर सगळा सिनेमा उभा आहे.

'ऐतिहासिक' ॲनिमेत एकटंच पात्र शर्ट-पँटमध्ये असतं. चूक झाली का?

चूक नाही. 'मुशिशी'मध्ये गावचे गाव किमोनोत आणि गिन्को तेवढा शर्ट, पँट, ओव्हरकोटात. तो कुठल्याच गावचा नाही, कुठे राहू शकत नाही, एवढंच त्यातून सांगायचं आहे. 'गिंतामा'मध्ये शिन्सेन्गुमीची माणसं काळ्या पाश्चात्त्य गणवेशात आहेत. खऱ्या शिन्सेन्गुमीची, क्योतोत १८६३ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या पथकाची, ओळख म्हणजे फिकट निळ्या हाओरीवरची पांढरी डोंगररांग. खरं तर त्यांनी ती फार काळ वापरलीच नाही, पण पडद्यावर ती कुणी उतरवू देत नाही.

कपड्यांसाठीच एखादा सिनेमा बघायचा तर कुठला?

दोन सांगतो, दोन्ही इसाओ ताकाहाता यांचे.

२०१३ सालचा 'द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया'. बांबूत सापडलेली मुलगी डोंगरात उघड्या पायांनी वाढते. मग बापाला वाटतं, हिला राजधानीत नेऊन थोरामोठ्यांची करावी. हेइआन काळातल्या उच्चकुलीन स्त्रियांचा पोशाख म्हणजे एकावर एक चढवलेले झगे, ज्याला जुनिहितोए म्हणतात. गळ्याशी आणि बाहीशी प्रत्येक थराची एक एक कड दिसते आणि त्या कडांची रंगसंगती ऋतूला धरून हवी. चुकली तर हसं. एवढं सगळं अंगावर घेऊन धावता येत नाही, आणि धावू नये हाच त्याचा हेतू असावा. तिच्या भुवया उपटायच्या, दात काळे करायचे, यावरूनही शिकवणाऱ्या बाईशी तिचे खटके उडतात.

नामकरणाच्या मेजवानीत दारू प्यालेले पाहुणे पडद्याआडच्या तिच्याबद्दल वाटेल ते बोलतात. ती उठते आणि धावत सुटते. दारं मोडत, रस्त्यावरून, आणि धावता धावता एकेक झगा अंगावरून गळून मागे पडत जातो. शेवटी अंगावर पांढरं आतलं वस्त्र आणि लाल हाकामा, बस्स. याच जागी ताकाहाता चित्राची रेघही बदलतात. तोवरचे नाजूक जलरंग जातात आणि कोळशाने ओरबाडल्यासारख्या रेघा येतात. कपड्यांचे थर आणि चित्राचे थर एकदमच सुटतात.

दुसरा १९८८ सालचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. इथे डोक्यावर हवाई हल्ल्याची कापूस भरलेली टोपडी, बायकांच्या पायात मोंपे नावाच्या ढगळ विजारी. १९४० पासून चैनीच्या कपड्यांवर बंदी आली होती आणि किमोनो पेटीत गेले होते. सेइता आणि सेत्सुको या भावंडांची आई बाँबहल्ल्यात मेलेली. तिचे किमोनो तेवढे वाचले. मावशी म्हणते, आईला आता त्यांचा काय उपयोग, विकून तांदूळ आणू. छोटी सेत्सुको तोवर आईबद्दल विचारत असते, रडत असते, पण किमोनो घराबाहेर जायला निघाले तसा ती जो आकांत करते तो वेगळाच. पुढच्याच दृश्यात बरणीत पांढरेशुभ्र तांदूळ पडतात आणि ती डोळे विस्फारून बघते. त्या काळी शेतकरी पैशाऐवजी किमोनो घेत, शहरातल्या घरांचे कपाटच्या कपाट असे खेड्यात गेले. किमोनो सगळा सरळ पट्ट्यांत कापलेला असतो, गोलाई कुठेच नाही. उसवला की पुन्हा सपाट कापड हातात येतं आणि त्याचं काहीही शिवता येतं. म्हणून तो घरातला ठेवा होता.

याच्याच जोडीला २०१६ चा 'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड' बघा. त्यातली सुझु आपल्या किमोनोवर कात्री चालवून मोंपे शिवते. तिचं मापात गोंधळणं गमतीचं आहे. पण ती काय कापतेय हे ठाऊक असेल तर हसू जरा अडतं.

कॉस्प्लेसाठी हाओरी शिवायची आहे. काय सांभाळावं?

पुण्या-मुंबईच्या कॉमिक कॉनला जाणारे बरेच जण बाजारातली चकचकीत सॅटिनची तयार हाओरी घेतात. ती घेऊ नका, घामाने अंगाला चिकटते आणि फोटोत प्लास्टिक दिसते. जरा जाड सुती कापड घ्या. चौकड्याचे तुकडे जोडत बसण्यापेक्षा एकरंगी हिरव्यावर काळे चौकोन छापून घेणं सोपं. चौकोन मोठे हवेत, बारीक केले की लुंगी दिसते. शिंप्याला आधीच सांगा की हाओरीला खांद्याची शिवण नसते आणि पुढून ती मिटत नाही, उघडीच राहते, छातीपाशी फक्त एक दोरी. नाहीतर सवयीने तो शेरवानीसारखा खांदा बसवून, बटणपट्टी लावून देईल. पाठीची मधली शिवण मात्र हवीच, आणि चौकोन तिथे जुळले पाहिजेत. कापड थोडं जास्त घ्या, कारण जुळवण्यात वाया जातं.